मोटूच्या ड्रेसची चेन आणि आपला कार्यानुभवाचा तास



डिसेंबर उजाडला की शाळाशाळांत गॅदरिंगची धांदल सुरू होते. वेशभूषेत शिवाजी महाराज, सावित्रीबाई, वासुदेव आजही असतात. पण पहिली-दुसरीच्या मुलांना विचारा, उत्तर ठरलेलं. छोटा भीम, मोटू-पतलू, नाहीतर डोरेमॉन. यावर नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. मुलं जे रोज पाहतात तेच त्यांना व्हायचं असतं. माझं म्हणणं त्या ड्रेसच्या चेन, हुक आणि बटणांबद्दल आहे.

मागच्या वर्षी दुसरीतला एक मुलगा मोटू झाला होता. भाड्याचा ड्रेस, लाल सदरा, वर निळं जाकीट, पोटावर उशी. सदऱ्याची चेन पाठीमागे. रनर वर सरकायचा, पण त्याच्यामागे दात उघडेच राहायचे. गाणं लागायला पाच मिनिटं होती. मी चार सेफ्टी पिना लावल्या आणि त्याला स्टेजवर पाठवला. नाचता नाचता तो वाकला, पिना सुटल्या, उशी खाली पडली. अख्खं मैदान हसलं. मोटूला हसतायत असं त्याला वाटलं असतं तर बरं झालं असतं, पण तसं वाटलं नाही. घरी आईला त्याच्या पाठीवर पिनेचा ओरखडा दिसला. वर दुकानदाराने चेन तुटली म्हणून डिपॉझिटमधले 150 रुपये कापले. त्या माउली दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातात. त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं. यंदा नावं घेताना त्या मुलाने हात वर केला नाही.

खरी गोष्ट अशी की चेन तुटलेलीच नव्हती. रनर सैल झाला होता. रनरच्या दोन्ही कडा पक्कडीने अगदी हलक्या दाबायच्या, सरकवून बघायचं, लागलं तर पुन्हा थोडं. जोर केला तर रनर कायमचा अडकतो. गावातल्या टेलरकाकांनी नंतर मला दाखवलं, दोन मिनिटांत झालं. आणि वेळच नसेल तर पाठ बंद करून सुई-दोऱ्याने सरळ कच्चे टाके घालायचे, कार्यक्रम झाला की दोरा कापायचा. पिनेचं काय होतं, सगळा ताण त्या एका टोकावर येतो. मग ती सुटते, नाहीतर कापड फाटतं.

चेन अडकत असेल तर दातांवर मेणबत्ती घासा. वेल्क्रो धरत नसेल तर तिच्या खरखरीत बाजूत दोरे-केस अडकलेले असतात, ते सुईच्या टोकाने काढा. आणि हो, वेल्क्रोची कल्पना स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांना कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी बोंडं पाहून सुचली होती. आपल्या मुलांच्या कपड्यांना बांधावर तशीच बोंडं चिकटतात. भिंगातून दाखवा, परिसर अभ्यासाचा एक तास तिथेच होतो.

आता मुद्दा. हे सगळं करायचं कोणी? गॅदरिंगच्या दिवशी सुई-दोरा म्हटलं की सगळ्या माना मॅडमकडे वळतात, आणि आम्ही सर लोक माईक आणि मांडव बघतो. माझंच सांगतो. डीएडला असताना 1937 च्या वर्धा परिषदेवर आणि नई तालीमवर मी पानभर उत्तर लिहिलं, मार्कही चांगले पडले. पण कार्यानुभवाच्या फायलीतला धावदोरा आणि काजाचे टाके माझ्या ताईने घातलेले होते! त्याची किंमत दहा-बारा वर्षांनी त्या पोराने मोजली.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की गॅदरिंगच्या आधीचे कार्यानुभवाचे तास ड्रेसच्या दुरुस्तीला द्यावेत, आणि मुलगे-मुली दोघांनाही. "लहान मुलांच्या हातात सुई देता?" असं काही पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पहिली-दुसरीला टिच बटण लावणं-काढणं आणि बोथट सुईने गोणपाटावर टाके एवढंच द्या. तिसरी-चौथीची मुलं खरं बटण लावतात. जाकिटासारखं जाड कापड असेल तर बटणाखाली काडेपेटीची काडी ठेवून टाके घालायचे, मग काडी काढून दोऱ्याचे वेढे द्यायचे. बटणाला मान मिळते, काजात नीट बसतं. आमच्या चौथीत सुया मोजून देतो, मोजून परत घेतो. आतापर्यंत दोघांना टोचली, दोघांनीही बटण पूर्ण लावलं.

पालकांना एकच विनंती. भाड्याचा ड्रेस घेताना दुकानातच चेन तीन-चार वेळा वर-खाली करून बघा, तुटलेलं दिसलं तर तिथेच फोटो काढा. आणि ड्रेस निदान आदल्या दिवशी सकाळी शाळेत पाठवा.

यंदाच्या डोरेमॉनची चेनही पाठीमागेच आहे. ड्रेस गुरुवारी येतोय. चौथीच्या मुलांनी पक्कड आणि मेणबत्ती कपाटात आणून ठेवली आहे. मागच्या वर्षीचा मोटू काल त्यांच्याजवळ येऊन बसला होता. नाचणार नाही म्हणतो, पण रनर कसा दाबायचा ते त्याला बघायचं आहे.