मंच नसलेला मेळावा, मोझरीत

विदर्भात साहित्याचा कुठलाही कार्यक्रम ठरला की पहिली चर्चा होते ती मंचावरच्या खुर्च्यांची. अध्यक्ष, उद्घाटक, स्वागताध्यक्ष, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी आणि ज्यांना वगळले तर पुढच्या वर्षी वर्गणी मिळणार नाही असे दोघे-तिघे. मग दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगत. दुपार कलू लागते तेव्हा कुठे मूळ विषय निघतो आणि ज्यांना खरोखर काही सांगायचे असते त्यांना ‘वेळेअभावी’ पाच मिनिटांत आटोपायला सांगतात.

या सगळ्यापासून दूर वऱ्हाडात आज बरेच लिहिले जात आहे. ते छापखान्यात जात नाही, मोबाइलवरून थेट लोकांपुढे जाते. कोणी ब्लॉगवर गुलाबी बोंडअळीचा हंगामभराचा हिशेब मांडतो, कोणी मेळघाटातल्या शाळेबद्दल लिहितो, कोणी आजीच्या तोंडची वऱ्हाडी जात्यावरची गाणी टिपून ठेवते. ही मंडळी एकमेकांना नावाने ओळखतात, पण भेटलेली नसतात. त्यांच्यासाठी एक दिवसाचा, पूर्ण मोफत, मंच नसलेला मेळावा भरवावा आणि तो अमरावती किंवा अकोल्याच्या सभागृहात न भरवता तिवसा तालुक्यातल्या गुरुकुंज मोझरीत भरवावा.

अशा मेळाव्याला जगभर ‘अनकॉन्फरन्स’ म्हणतात. हॅरिसन ओवेन या अमेरिकन गृहस्थांनी १९८३ साली एका मोठ्या परिषदेसाठी वर्षभर राबून सगळी तयारी केली. परिषद छान झाली, पण लोकांना सर्वांत जास्त आवडली ती मधली कॉफीची सुट्टी. ओवेन यांनी तक्रार केली नाही. सगळी परिषदच त्या सुट्टीसारखी का असू नये, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि १९८५मध्ये ‘ओपन स्पेस’ ही पद्धत वापरून पाहिली. सकाळी सगळे गोल बसतात. ज्याला विषय मांडायचा आहे तो कागदावर लिहून भिंतीवरच्या तक्त्यात लावतो. जागा आणि वेळ तिथेच ठरते. एखाद्या गटात आपण काही शिकत नाही, शिकवतही नाही असे वाटले, तर उठून दुसऱ्या गटात जायचे. यात कोणाचा अपमान होत नाही. याला ते ‘दोन पायांचा नियम’ म्हणत. गोल बसण्याची कल्पना आपल्याला पश्चिम आफ्रिकेतल्या एका खेड्यात पाहिलेल्या सोहळ्यावरून सुचली, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. गावाकडून शिकलेली गोष्ट शहराने परिषदेच्या नावाखाली परत विकावी, हा प्रकार वऱ्हाडाला नवा नाही.

पुढे ऑगस्ट २००५मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टोत ‘बारकॅम्प’ झाला. तंत्रज्ञानाच्या पुस्तकांचे प्रकाशक टिम ओरायली यांच्या ‘फू कॅम्प’ या मेळाव्याला फक्त निमंत्रितांना प्रवेश होता. निमंत्रण नसलेल्या काही तरुणांनी आठवडाभराच्या आत स्वतःचा, सर्वांना खुला मेळावा उभा केला. पैसा जवळपास नव्हताच. जागा एका कंपनीने दिली, जेवण दुसऱ्यांनी. वर्षभरात ही लाट भारतात पोचली. २००६ साली दिल्ली, बंगळूर आणि पुण्यात बारकॅम्प झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात चेन्नईच्या टायडेल पार्कमध्ये ब्लॉग लिहिणाऱ्यांसाठी ‘ब्लॉगकॅम्प’ भरला.

मराठी ब्लॉगवालेही मागे नव्हते. २०१०च्या जानेवारीत पुण्यात पु. ल. देशपांडे उद्यानात आणि मे महिन्यात मुंबईत दादरला त्यांचे स्नेहमेळावे झाले. तो काळ उत्साहाचा होता. मायबोली, मनोगत, मिसळपाव ही संकेतस्थळे गजबजलेली होती, स्टार माझा वाहिनी ‘ब्लॉग माझा’ ही स्पर्धा घेत होती आणि आपला लेख नाव पुसून ई-मेलमधून फिरतो आहे ही प्रत्येकाची ठसठसती तक्रार होती. मग फेसबुक आले, व्हॉट्सअ‍ॅप आले आणि मेळावे विरळ झाले. पण हे सगळे पुणे-मुंबईत झाले. मोर्शीच्या किंवा मूर्तिजापूरच्या माणसाला रात्रभराचा रेल्वेप्रवास करून दोन तासांच्या ओळखपरेडला जाणे परवडणारे नव्हते.

वऱ्हाड-विदर्भात ब्लॉगमधून उभे राहिलेले उदाहरण नाही असेही नाही. वर्धा जिल्ह्यातले शेतकरी कवी गंगाधर मुटे इंटरनेटवर लिहू लागले, वाचक मिळवले आणि २०१५ साली वर्ध्यात पहिले अखिल भारतीय मराठी शेतकरी साहित्य संमेलन भरवण्यात त्यांनी पुढाकार घेतला. शेतात राबणाऱ्या माणसाने संगणकापासून संमेलनापर्यंतचा रस्ता स्वतः पाडला, ही गोष्ट मोठीच. फरक इतकाच की तेही शेवटी संमेलनच होते, म्हणजे अध्यक्ष, उद्घाटन आणि ठराव आलेच.

मंचाचा प्रश्न केवळ कंटाळ्याचा नाही. मंच उभारला की त्यावर कोणी चढायचे आणि कोणाला उतरवायचे हे ठरवणारा कोणी तरी लागतोच. २०१९च्या यवतमाळच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनात इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटक म्हणून बोलावले आणि मग निमंत्रण मागे घेतले. सगळ्या देशाने ते पाहिले. त्यांच्या जागी उद्घाटन केले ते वैशाली येडे यांनी. शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर संसार ओढणाऱ्या या यवतमाळ जिल्ह्यातल्या बाई साध्या बोलीत बोलल्या आणि तीन दिवसांतले लोकांच्या लक्षात राहिलेले भाषण तेच ठरले. पण एरवीच्या कार्यक्रमपत्रिकेत त्यांना जागा मिळाली असती का? गोंधळ झाला म्हणून त्या मंचावर आल्या. ज्या मेळाव्यात सकाळी भिंतीवर कोणीही विषय लावू शकतो, तिथे अशा बाईला कोणाचे तरी निमंत्रण रद्द होण्याची वाट पाहावी लागत नाही.

हे दुखणे जुनेच आहे. न्या. रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. १८८५च्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण आले तेव्हा जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून साफ नकार दिला. ज्यांच्या सभांत शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला जागा नाही, त्यांच्याशी आपले जुळणार नाही, हा त्यांच्या नकाराचा मथितार्थ. आज त्याच परंपरेतल्या अखिल भारतीय संमेलनाला राज्य सरकार कोट्यवधी रुपये देते. पैसा वाढला, मांडव वाढला, पण फुल्यांच्या आक्षेपाचे उत्तर अजून पूर्ण दिलेले नाही.

आता मोझरीच का? अमरावती-नागपूर महामार्गावर असल्याने एसटीने पोचणे सोपे, हे झाले व्यवहाराचे कारण. खरे कारण त्या जागेच्या सवयीत आहे. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. ४१ अध्यायांची ‘ग्रामगीता’ १९५५मध्ये आली. ती पंडितांसाठी लिहिलेली नाही. गावची सफाई, शेती, श्रमदान, संघटन हे तिचे विषय. महाराज कोणा मान्यवर प्रकाशकाची वाट पाहत बसले नाहीत. गुरुदेव सेवा मंडळाने स्वतःचे मासिक काढले, भजनांच्या छोट्या पुस्तिका छापल्या आणि त्या सेवकांच्या खांद्यावरच्या पिशवीतून गावोगाव गेल्या. परवानगी न मागता, सोप्या भाषेत, थेट वाचकापर्यंत. आजचा ब्लॉगवाला वेगळे काय करतो?

दुसरी सवय मोफत चालवण्याची. महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवाला दरवर्षी लाखो लोक येतात, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळा जनसागर मौन उभा राहतो आणि गोपालकाल्याचा प्रसाद हातोहात वाटला जातो. तिकीट नाही, पास नाही. गावोगावची सेवा मंडळे आपापले काम वाटून घेतात. कोणी स्वयंपाकात, कोणी पाण्यावर, कोणी चपला सांभाळायला. एवढ्या गर्दीची सोय करणाऱ्या मुलखाला दीडशे माणसांचा एक दिवस जड जाऊ नये. अर्थात आश्रम म्हणजे भाड्याचा हॉल नव्हे. रीतसर परवानगी घ्यावी, सामुदायिक ध्यान आणि प्रार्थनेच्या वेळा पाळाव्यात, त्या वेळी गट बंद ठेवावेत. जागा मिळाली नाही तर गावातली शाळाही चालेल.

मोफतचा हिशेब मात्र नीट मांडायला हवा, कारण मोफत म्हणजे कोणीतरी दुसऱ्याने भरलेले. वऱ्हाडात प्रायोजक कोण मिळतील ते सगळ्यांना ठाऊक आहे: बियाण्याच्या कंपन्या, कीटकनाशकांचे विक्रेते, शिकवणी वर्ग आणि निवडणुकीच्या तयारीतले नेते. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यावर लिहिणाऱ्याने औषध कंपनीच्या फलकाखाली बसून जेवावे, ही कल्पनाच घास अडकवणारी आहे. म्हणून फलक नकोत आणि एकाकडून मोठी रक्कमही नको. ज्वारी, तुरीची डाळ, वांगी, तेल असा शिधा आसपासच्या गावांतून घ्यावा. रोख मदत थोडी-थोडी पुष्कळांकडून घ्यावी. आणि आला-गेला प्रत्येक रुपया त्याच दिवशी विषयांच्या भिंतीशेजारी लिहून लावावा. झुणका-भाकर, ठेचा आणि वांग्याची भाजी असली की पंचतारांकित जेवणाची आठवण कोणी काढत नाही.

मोफत कार्यक्रमाचा दुसरा रोग म्हणजे नाव नोंदवून न येणारे. ‘येतो ना भाऊ’ म्हणणारे शंभर आणि पंगतीला साठ. पैसे न घेता यावर उपाय आहे: नाव नोंदवतानाच प्रत्येकाने एक काम पत्करावे. वाढणे, झाडणे, टिपणे घेणे, नवख्याला फोनवर मराठी कळफलक बसवून देणे. ज्याच्याकडे काम आहे तो सहसा येतो. आलाच नाही तर निदान कळवतो.

कोणी म्हणेल, रूपरेषाच नाही म्हणजे बाजार भरेल. ही भीती अगदी खोटी नाही. मोकळ्या सभेतही मोठ्या आवाजाची माणसे जागा बळकावतात आणि मंच नसला तरी जात, वय, पुरुषपण हे सगळे सोबत येतेच. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने यावर वर्षानुवर्षे काम केले आहे. देवाजी तोफा यांच्या गावात ग्रामसभेचे निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने होतात आणि त्याआधी अभ्यासगटात मोकळी चर्चा होते, जिथे निर्णयाचे दडपण नसते. तिथे कमी बोलणाऱ्यालाही वेळ मिळतो, कारण तो बोलल्याशिवाय सहमती होत नाही. मोझरीच्या मेळाव्याने बारकॅम्पपेक्षा मेंढ्याकडून जास्त शिकावे. विषय लावण्याचा पहिला अर्धा तास पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी आणि बायांसाठी राखून ठेवावा. प्रत्येक गटात एकाने फक्त वेळ आणि वळण सांभाळावे, मत देऊ नये. स्वतःचे पुस्तक, क्लास किंवा चॅनेल विकायला आलेल्याला हात जोडून बाहेरच्या झाडाखाली बसवावे. छायाचित्र आणि चित्रीकरण विचारूनच, कारण आपल्या गावच्या सावकाराबद्दल किंवा सरपंचाबद्दल बोलणाऱ्या मुलीला संध्याकाळी त्याच गावात परतायचे असते.

विषय काय निघतील हे आधी ठरवायचेच नाही, पण दोन गोष्टी निघाल्याच पाहिजेत असे वाटते. एक, लिहिलेले जपायचे कसे. जिओसिटीज २००९मध्ये बंद पडली, गूगल प्लस २०१९मध्ये. त्यावरचे मराठी लेखन लेखकाने उतरवून घेतले नसेल तर गेले. फेसबुकवर वऱ्हाडी किस्से लिहिणारे किती जण त्यांची प्रत ठेवतात? दुसरी, बोलीची. वऱ्हाडी आजही विनोदापुरती खपते. कापसाच्या भावाचे विश्लेषण किंवा वैद्यकीय माहिती वऱ्हाडीत लिहिली तर वाचक ती गांभीर्याने घेतात का, हे लिहिणाऱ्यांनीच समोरासमोर बसून एकमेकांना सांगावे.

वेळ नेमकी निवडावी लागेल. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी असते, मजूर मिळत नाही, घरचेच वेचायला जातात. एप्रिल-मेचे ऊन माणसाला गोल बसू देणार नाही. जूनमध्ये पेरणी. म्हणजे उरतो फेब्रुवारी. तूर घरात आलेली असते आणि सकाळी सतरंजीवर बसावेसे वाटते. रविवार असावा, पहिल्या एसटीने येणाऱ्यालाही गाठता येईल अशा दहाच्या सुमारास सुरुवात आणि शेवटची गाडी मिळेल अशा बेताने शेवट.

राहिला प्रश्न आमदार-खासदारांचा. बातमी फुटली की फोन येणारच: साहेब पाच मिनिटे येऊन शुभेच्छा देतील म्हणून. त्यांना नाही म्हणू नये. साहेबांनी यावे, चप्पल बाहेर काढावी, सतरंजीवर बसावे आणि बोलायचे असेल तर इतरांसारखाच कागदावर विषय लिहून भिंतीला लावावा. सिंचनाचा अनुशेष हा विषय त्यांनी लावला तर फारच उत्तम. चाळीस मिनिटे मिळतील. समोर किती जण बसतील आणि त्यातले किती मध्येच उठून वऱ्हाडी म्हणींच्या गटाकडे जातील, याची हमी मात्र आयोजकांनी देऊ नये.