हार गेलताईंना, सातबारा धन्याचा



गेल ऑम्वेट 25 ऑगस्ट 2021 रोजी कासेगावात वारल्या. तेव्हापासून त्यांच्या फोटोला हार घालायला आपले पुढारी सर्वांत पुढे. अमेरिकेत जन्मलेली ही बाई जोतीबा फुल्यांच्या चळवळीचा अभ्यास करायला इकडे आली, 1973 साली त्यावर डॉक्टर झाली आणि सांगली जिल्ह्यात सून होऊन राहिली. 1983 साली तिनं या देशाचं नागरिकत्व घेतलं. हे सारं सांगून टाळ्या मिळतात. तिचा मूळ मुद्दा सांगितला की सभा गप्प होते.

विद्यापीठाची सुखाची खुर्ची सोडून त्या शेतमजूर बायकांत आणि टाकून दिलेल्या बायकांत फिरल्या. सासूबाई इंदुताई पाटणकर स्वातंत्र्यलढ्यातल्या. सासूसुना एकाच चळवळीत. (आपल्याकडे सासूसुना एका चुलीवर नांदत नाहीत!) घरातला मार आणि नावावर गुंठाभर जमीन नसणं, ही एकाच दाव्याला बांधलेली दुखणी आहेत, हे गेलताईंनी मांडलं. 1986 साली चांदवडला बायांचा महासागर लोटला. शेतकरी बायांची ही चळवळ गेलताईंनी उचलून धरली, त्यापायी डाव्या मित्रांचे बोलही खाल्ले.

पुढे लक्ष्मी मुक्ती निघाली. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरात शंभरावर कास्तकारांनी बायकोच्या नावे जमीन केली. कुणाची भाकरी बंद झाली नाही.

मग बाकीच्या गावांचं घोडं कुठं अडलं? "माझं ते तिचंच," म्हणता. तिचंच असेल तर नाव लावायला हात का कापतो? कपाशी वेचायची तिनं, ज्वारी काढायची तिनं, पट्टी मात्र धन्याच्या नावाची. सातबारा नाही म्हणून बँक तिला पीककर्जाला उभं करत नाही. धन्यानं फास घेतला की सावकार दारात आणि ती वारसाच्या नोंदीसाठी तलाठ्याच्या पायरीवर. 2015-16 च्या कृषिगणनेत देशातल्या दर 100 वहितीदारांत बाया होत्या सुमारे 14.

नवरा जिवंत असतानाच बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय सरकारनं 1992 च्या परिपत्रकानं केली आहे. अर्ज नवऱ्यानं करायचा आहे. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना पुढाऱ्यांनी हाराऐवजी आपापला उतारा आणावा, आणि तो मायबहिणींना वाचायला द्यावा.