हालांचें कौतुक

विद्यापीठाच्या वसतिगृहांत जागा मिळत नाहीं, एकाच्या खोलींत तिघे निजतात, खाणावळींतील वरणांत डाळ शोधावी लागते, अशी तक्रार विद्यार्थ्यांनीं केली कीं तिला एक ठराविक उत्तर मिळतें: ‘आमचे आजोबा माधुकरी मागून आणि वार लावून शिकले, हल्लींचीं पोरें सुखाला चटावलीं आहेत.’ हें उत्तर देणारे गृहस्थ बहुधा जेवून उठलेले असतात, ती गोष्ट आपण सोडून देऊं. पण वारांचा दाखला त्यांनींच काढला आहे, तेव्हां तो तपासणें प्राप्त आहे.

वार लावणें म्हणजे आठवड्याचे सात दिवस सात घरीं जेवणें. त्यांत मानहानि होती, शिळें अन्न होतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु परक्या मुलासाठीं पुण्यांतील सात घरांचीं दारें उघडत, तीं कोणाच्या मुलासाठीं? ब्राह्मणाच्या. कुणब्याच्या किंवा धनगराच्या मुलानें कोणाच्या ओटीवर उभें राहावयाचें होतें? आणि ज्याच्या सावलीचाही विटाळ मानीत, त्यानें? या मुलांना हाल भोगण्याचीसुद्धां सोय नव्हती. शाहू छत्रपतींनीं १९०१ पासून कोल्हापुरांत मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा एकेका समाजाच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें उघडलीं वा उघडविलीं, तीं कोणाच्या चैनीसाठीं नव्हेत. शहरांत शाळा होत्याच. पण खेड्यांतून आलेल्या मुलास रात्रीं पाठ टेकावयास जागा नव्हती, म्हणून त्या असून नसल्यासारख्या होत्या.

कष्टांनीं चारित्र्य घडतें असें म्हणणारांस साताऱ्याचें उदाहरणही फार आवडतें. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९२४ मध्यें तेथें काढलेल्या बोर्डिंगांत सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, एका पंक्तीस जेवत आणि अंगमेहनत करीत. हाल तेथेंही होते. पण त्या मुलांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाईंचें मंगळसूत्र विकलें गेलें होतें. आजचे उपदेशक स्वतःचें काय मोडून देतात, तें त्यांनीं एकदां जाहीर करावें.

गणेशखिंडींत पुणें विद्यापीठ ज्या वास्तूभोंवतीं वाढलें, ती मुंबईच्या गव्हर्नरास पावसाळ्याचे महिने काढतां यावे म्हणून बांधलेली होती. त्याच आवारांतील विद्यार्थ्यांच्या बोलींत ‘पॅरासाईट’ हा शब्द रूढ झाला आहे. वसतिगृहांत नांव नसतांना मित्राच्या खोलींत अंथरूण टाकणारा तो पॅरासाईट. यांतील कित्येकांचा अभ्यासक्रम संपलेला असतो व ते स्पर्धापरीक्षांसाठीं मागें राहिलेले असतात, हें खरें. त्यांचा विचार निराळा. परंतु ज्याला प्रवेश विद्यापीठानेंच दिला, ज्याची फी विद्यापीठानेंच घेतली, त्यालाही याच नांवाखालीं वावरावें लागतें आणि तपासणी आली कीं दडावें लागतें. मुलीला तर दडण्याचीही वाट नाहीं. ‘जागा नाहीं’ एवढे दोन शब्द कचेरींत ऐकले कीं तिचा बाप तिची पेटी उचलतो आणि दोघें परतीच्या एस्. टी. त बसतात. तिच्या गुणपत्रिकेचें पुढें काय होतें, याची नोंद कोणत्याही अहवालांत नसते.

सरकारी वसतिगृहांत जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांस भोजननिवासाचे पैसे देण्याची स्वाधार योजना राज्य सरकारनें २०१६-१७ सालापासून सुरू केली. ती नसण्यापेक्षां असणें बरें. पण घरमालक भाडें पहिल्या तारखेस मागतो. अनुदानाचें पंचांग निराळें. शिवाय पैशानें सगळींच दारें उघडतात असें नाहीं. आडनांव विचारून मग ‘खोली कालच गेली’ म्हणणारे घरमालक अजून आहेत, आणि त्यांचे आजोबाही बहुधा वार घालणारांपैकींच असावे.

आमची मागणी लहान आहे. ज्या दिवशीं प्रवेशाची यादी लागते त्याच दिवशीं, तिच्याच शेजारीं, वसतिगृहांतील खोल्यांची यादी लागावी. आणि बाहेरगांवच्या विद्यार्थ्यांपैकीं पहिल्या यादींतील ज्यांचीं नांवें दुसरींत नाहींत, ते त्या रात्रीं कोठें निजणार, हें प्रत्येकाच्या नांवापुढें विद्यापीठानें आपल्या सहीशिक्क्यानिशीं लिहावें.