दुसऱ्या खुर्चीचे काम लिहून द्या

अहिल्याबाई होळकरांच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण होत होती म्हणून २० मे २०२५ रोजी मध्य प्रदेशाचे मंत्रिमंडळ भोपाळ सोडून इंदूरच्या राजवाड्यात बैठकीला आले. त्याआधी जानेवारीत ते महेश्वरला बसले होते. या मंत्रिमंडळाच्या जन्मापासूनच, म्हणजे डिसेंबर २०२३ मध्ये मोहन यादव मुख्यमंत्री झाले त्याच दिवसापासून, त्यात दोन उपमुख्यमंत्री होते: जगदीश देवडा आणि राजेंद्र शुक्ल. राजवाड्यातल्या त्या बैठकीनंतर कोणी जवळच्या छत्रीबागेत जाऊन होळकरांच्या छत्र्यांपुढे दोन घटका उभे राहिले असते, तर एक जुना प्रश्न नक्की आठवला असता. सत्तेच्या दुसऱ्या खुर्चीवर बसणाऱ्याचे नेमके काम काय, आणि ते कोणी ठरवायचे?

होळकरांना हा प्रश्न फार महागात पडला. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, वर्षभरात नातू मालेरावही गेला. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या संमतीने जी व्यवस्था बसली तिच्यात दौलतीचा कारभार आणि खजिना महेश्वरी अहिल्याबाईंकडे राहिला, तर फौज आणि मोहिमा तुकोजी होळकरांकडे गेल्या. ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कमने पुढे लिहिलेल्या वृत्तांतात दोघांच्या सलोख्याचे चित्र आहे. तुकोजी वयाने मोठे असूनही बाईंना आई म्हणत, असे तो सांगतो. महेश्वर दरबारची बातमीपत्रे छापून आली तेव्हा मात्र त्या सलोख्याखालची ओढाताण दिसली. छावणीतून पैशाचे तगादे यायचे आणि महेश्वरहून हिशेबाची विचारणा व्हायची. फौज पोसायची तुकोजींनी आणि थैलीचे तोंड सोडायचे बाईंनी, पण किती आणि कधी, याचा नियम नव्हता. तरीही हा गाडा अठ्ठावीस वर्षे चालला. तो बाईंच्या नैतिक वजनावर आणि तुकोजींनी राखलेल्या मर्यादेवर चालला, याबद्दल दोघांविषयी आमच्या मनात आदरच आहे.

पण माणसांवर उभी राहिलेली व्यवस्था माणसांबरोबरच जाते. १७९५ च्या ऑगस्टमध्ये अहिल्याबाई गेल्या, १७९७ च्या ऑगस्टमध्ये तुकोजी गेले, आणि महिनाभरात पुण्याजवळ दौलतराव शिंद्यांच्या फौजेने तुकोजींचे पुत्र मल्हारराव यांना ठार केले. १८०१ मध्ये तुकोजींचे आणखी एक पुत्र विठोजी यांना पुण्यात हत्तीच्या पायी दिले गेले. १८०२ मध्ये विठोजींचे भाऊ यशवंतराव पुण्यावर चालून आले, पेशवा दुसरा बाजीराव पळाला आणि वर्ष संपता संपता वसईच्या तहावर सही झाली. हे सगळे एकाच कारणाने घडले असे कोणी म्हणणार नाही. पण पहिल्यानंतर कोण आणि दुसऱ्याचा हक्क कुठवर, हे ठरलेले नसणे हे त्यातले एक मोठे कारण होते.

हाच पेच आपल्याच काळात इराकमधल्या कुर्दिस्तानात पाहायला मिळतो. मे १९९२ मध्ये तिथे निवडणूक झाली आणि बारझानींचा कुर्दिस्तान लोकशाही पक्ष व तालाबानींचा देशभक्त संघ यांनी सत्ता निम्मी-निम्मी वाटून घेतली. पंतप्रधान एका पक्षाचा, उपपंतप्रधान दुसऱ्याचा. मंत्री एकाचा, त्याचा उपमंत्री दुसऱ्याचा. हेतू एकोप्याचा होता. प्रत्यक्षात प्रत्येक कचेरीत दोन धनी झाले, आणि १९९४ मध्ये दोन्ही पक्षांत यादवी पेटली. १९९८ मध्ये वॉशिंग्टनला समेट झाला, पण अर्बिल आणि सुलेमानिया इथली दोन वेगळी सरकारे एक व्हायला २००६ उजाडले. तेव्हा पंतप्रधानपद बारझानींकडे आणि उपपंतप्रधानपद तालाबानींच्या पक्षाकडे आले.

२०१४ पासून त्या दुसऱ्या खुर्चीवर जलाल तालाबानींचे पुत्र कुबाद तालाबानी बसले. २०२२ च्या अखेरीस दोन पक्षांत वितुष्ट आले तेव्हा त्यांनी मंत्रिमंडळाच्या बैठकांना जाणेच थांबवले आणि कित्येक महिन्यांनी, मे २०२३ मध्ये, ते परतले. पेशमर्गा फौजेतल्या मोठ्या तुकड्याही पक्षांत वाटलेल्या होत्या: ८० क्रमांकाची एकाची, ७० क्रमांकाची दुसऱ्याची. महसुलातून सुलेमानियाला काय मिळते, हा तंटाही कायमचा. फौज कोणाची आणि खजिना कोणाचा, हा महेश्वरचाच वाद. तिथला उपपंतप्रधान सरकारात आपल्या पक्षाचा वकील म्हणून बसतो; पक्ष रुसला की खुर्ची रिकामी होते आणि पगाराची वाट पाहणारा शिक्षक ताटकळत राहतो.

आपल्याकडे रक्तपात नाही, हे आपल्या लोकशाहीचे मोठे यश आहे. पण खुर्चीचे कोडे तसेच आहे. राज्यघटनेच्या १६३ आणि १६४ या अनुच्छेदांत मुख्यमंत्री आहे, मंत्री आहेत. उपमुख्यमंत्री हा शब्दच नाही. १९८९ मध्ये देवीलालांनी उपप्रधानमंत्री म्हणून शपथ घेतली, वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि ते इतरांसारखेच एक मंत्री आहेत, हे वर्णन केवळ नावापुरते, असा निकाल लागला. फेब्रुवारी २०२४ मध्येही न्यायालयाने उपमुख्यमंत्रिपदाला हरकत घेणारी याचिका फेटाळली. पद घटनेविरुद्ध नाही, पण त्याने वेगळा अधिकारही मिळत नाही, हाच त्याचा अर्थ. मग ते पद देतात कशाला?

माळवा-निमाडच्या लोकांनी हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, कारण ही खुर्ची वारंवार आपल्याच वाट्याला आली आहे. १९६७ च्या संयुक्त विधायक दलाच्या सरकारात वीरेंद्रकुमार सखलेचा, पुढे निमाडचे सुभाष यादव, धार जिल्ह्यातल्या आदिवासी नेत्या जमुनादेवी, आणि आता मल्हारगडचे देवडा. जमुनादेवींनी आपल्याच सरकारबद्दलची नाराजी जाहीरपणे बोलून दाखवली होती. पद मिळाले म्हणून आदिवासींच्या प्रश्नांवर शेवटचा शब्द त्यांचा झाला नाही. सन्मान द्यायचा आणि अधिकार अध्याहृत ठेवायचा, ही पद्धत त्या समाजाला आणि त्या प्रदेशाला दिलेली हुलकावणी आहे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. देवडांकडे अर्थखाते आहे, शुक्लांकडे आरोग्य. हे अधिकार खात्याचे आहेत. ‘उप’ या दोन अक्षरांचे काय?

महाराष्ट्रातही १९७८ मध्ये वसंतदादांच्या सरकारात नाशिकराव तिरपुडे पहिले उपमुख्यमंत्री झाले तेव्हापासून हे पद दोन काँग्रेसांमधला, मग युत्या-आघाड्यांमधला तोल सांभाळत आले आहे. ते सरकार चार-साडेचार महिन्यांत कोसळले. मार्च २०२५ मध्ये मात्र तिथे एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट झाली. फायली तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्याकडून एकनाथ शिंदे यांच्याकडे आणि तिथून मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याकडे जातील, असा आदेश निघाला. निदान कागदावर काहीतरी आले, म्हणून आम्ही त्याचे स्वागत करतो. पण असा आदेश एका सहीने निघतो आणि एका सहीने रद्द होतो, आणि त्यावर विधानसभेत चर्चा होत नाही.

आमचे म्हणणे असे की हे काम कामकाज नियमावलीत लिहावे. अनुच्छेद १६६ ने राज्यपालांच्या नावे असे नियम करण्याची सोय दिलेलीच आहे, घटनादुरुस्ती नको. उपमुख्यमंत्री नेमायचा असेल तर त्याच्याकडून कोणत्या फायली जातील, त्याने त्या किती दिवसांत पुढे पाठवायच्या, आणि मुख्यमंत्री आजारी किंवा बाहेर असताना कोणते निर्णय त्याने घ्यायचे, हे राजपत्रात छापून सभागृहापुढे ठेवावे. हे लिहायची तयारी नसेल तर त्याला मंत्रीच म्हणावे. लिहिले तर सत्तेची दोन केंद्रे होतील, अशी भीती घातली जाते. ती केंद्रे आजही आहेत. फक्त कोणाकडे दाद मागायची, हे नागरिकाला कळत नाही. इंदूरच्या कचेऱ्यांत अडलेल्या फायलीमागे हेलपाटे घालणाऱ्या माणसाला त्याची फाइल भोपाळमध्ये कोणत्या मेजावर आहे, हे विचारायचा हक्क आहे.

विधानसभेच्या येत्या अधिवेशनात इंदूरच्या आमदारांनी, ते कोणत्याही पक्षाचे असोत, हा विषय लेखी प्रश्नात आणावा. पहिला प्रश्न एवढाच असू द्या: मुख्यमंत्री परदेश दौऱ्यावर असताना मंत्रिमंडळाची बैठक बोलावण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि तो कोणत्या कागदावर लिहिला आहे?