बिनतारी विद्या आणि उन्हाळ्याचे दोन महिने

कोलंबो योजनेखाली दोन वर्षांची शिष्यवृत्ती घेऊन दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील एक तरुण संशोधक १९५३ साली सिडनीला रवाना झाला, तेव्हा त्या प्रवासाचा जुन्नर तालुक्यातील खोडद या गावाशी पुढे काही संबंध जुळेल, अशी कल्पना कोणाच्याही मनात येण्याचे कारण नव्हते. गोविंद स्वरूप हे त्या तरुणाचे नाव. सिडनीच्या रेडिओभौतिकी विभागात पहिल्या वर्षी त्यांना तीन-तीन महिने एकेका निष्णात शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करावयास मिळाले. दुसऱ्या वर्षी पार्थसारथी या भारतीय सहकाऱ्यासह त्यांनी पॉट्स हिल येथील, सहा-सहा फूट व्यासाच्या बत्तीस तबकड्यांची रचना १४२० मेगाहर्ट्झवरून ५०० मेगाहर्ट्झवर आणण्याचे काम पार पाडले. आणि त्या तबकड्या आता मोडीत निघणार असे कानावर येताच, त्या भारताला भेट द्याव्यात अशी विनंती करण्याचे धैर्यही त्यांना झाले. विनंती मान्य झाली. त्या तबकड्या प्रथम दिल्लीस आल्या, तेथून टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या स्वाधीन झाल्या आणि १९६५ साली मुंबईजवळ कल्याण येथे सूर्याचा वेध घेण्यासाठी उभ्या राहिल्या. कल्याणनंतर १९७० मध्ये उटीची ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण झाली, आणि तिच्यानंतर खोडदची, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची ती प्रचंड रचना, जिचे दर्शन पुणे-नाशिक मार्गावर नारायणगावच्या आसपास आजही दुरून घडते.

हा इतिहास सांगण्याचा हेतू एका थोर शास्त्रज्ञाचे गुणगान करणे एवढाच असता, तर त्यासाठी वर्तमानपत्राचा स्तंभ खर्ची घालण्याचे प्रयोजन नव्हते. माझे लक्ष त्या शिष्यवृत्तीच्या स्वरूपाकडे आहे. तिने कोणत्याही महाविद्यालयाची फी भरली नाही. तिने दोन वर्षांचा निर्वाह चालवला, जेथे प्रत्यक्ष काम चालू होते अशा जागी विद्यार्थ्याला नेऊन उभे केले, आणि त्याच्या हाती उपकरणे सोपवली. आपल्या भाषेत 'वृत्ती' या शब्दाचा मूळ अर्थच मुळी उपजीविका असा आहे, आणि शिष्याची वृत्ती म्हणजे शिकत असता त्याच्या पोटाची केलेली तजवीज. वार लावून जेवणाऱ्या आणि माधुकरी मागणाऱ्या विद्यार्थ्यांचा हा मुलूख आहे. विद्यादान कितीही विनामूल्य असले, तरी रोजचे दोन घास कोठून येणार हा प्रश्न त्याने सुटत नाही, हे आपल्या पूर्वजांना पुरते ठाऊक होते. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठविले तेही दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची नेमणूक करून देऊनच.

आज मात्र शिष्यवृत्ती या शब्दाचा अर्थ संकोच पावत पावत शुल्काच्या प्रतिपूर्तीपाशी येऊन थांबला आहे. जे मिळते त्याची अवहेलना करण्याचा माझा मुळीच उद्देश नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने राज्य शासनाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या कुटुंबांतील अनेक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची 'प्रगती' योजना गुणवान मुलींना वर्षाला पन्नास हजार रुपये देते. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. या योजनांमुळे जी मुले महाविद्यालयाच्या दारातून आत येऊ शकली, त्यांची संख्या थोडी नाही. तथापि या सर्व योजनांचा हिशेब महाविद्यालयाच्या सत्रांशी बांधलेला असतो, आणि सत्र संपून उन्हाळ्याची सुट्टी लागली, म्हणजे बिनतारी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या शिक्षणातील सर्वांत मोलाचा काळ सुरू होतो, नेमक्या त्याच वेळी सरकारी दप्तरातील त्याचे खाते बंद होते.

हा काळ सर्वांत मोलाचा का, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण अभियांत्रिकीच्या सर्व शाखांची गोष्ट सारखी नाही. संगणकाचा विद्यार्थी आपल्या गावी, घरच्या ओसरीवर बसूनही पुष्कळ काही शिकू शकतो. एक बऱ्यापैकी संगणक आणि इंटरनेट एवढ्यावर त्याचे भागते. इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार या ज्या शाखेला मुले 'ई अँड टीसी' म्हणतात, तिच्यातही कमी वारंवारतेची सर्किटे ब्रेडबोर्डवर जोडून पाहता येतात, आणि ती बहुधा चालतातही. परंतु हेच सर्किट २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे आपल्या घरातील वायफाय ज्या वारंवारतेवर चालते तेथवर नेले, की पुस्तकातील आकृती आणि टेबलावरील वस्तू यांची फारकत होऊ लागते. तेथे तरंगलांबी अवघी साडेबारा सेंटिमीटर, तिचा चतुर्थांश सुमारे तीन सेंटिमीटर. म्हणून बोटाच्या दोन पेरांएवढी उघडी तार ही केवळ तार राहत नाही, ती स्वतःच अँटेना होऊ पाहते. सर्किटच्या पाटीवरील तांब्याच्या पट्टीची रुंदी चुकली, की पन्नास ओहमचा मेळ बिघडतो आणि पुढे पाठविलेली ऊर्जा उलट फिरून येते. कनेक्टर किती घट्ट आवळायचा यालाही माप आहे, आणि ते माप देणारा पाना वेगळा मिळतो.

यांपैकी काहीही डोळ्यांना दिसत नाही. जे दिसत नाही ते दाखविणारी उपकरणे, म्हणजे स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर आणि व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझर, यांच्या किमती चांगल्या प्रतीच्या बाबतीत लाखांच्या घरात जातात; आणि अँटेनाचे मोजमाप ज्या खोलीत करावयाचे, जिच्या भिंतींवर तरंग शोषून घेणारे फेसाचे शंकू बसविलेले असतात, ती अ‍ॅनेकोइक चेंबर बांधणे बहुतेक महाविद्यालयांच्या ऐपतीबाहेरचे असते. शिवाय उपकरण विकत घेतले म्हणजे विद्या आली असेही नाही. नेटवर्क अ‍ॅनालायझरवर पहिले माप घेण्यापूर्वी त्याचे कॅलिब्रेशन करावे लागते: ओपन, शॉर्ट आणि लोड ही तीन ज्ञात टोके एकामागून एक जोडून केबलचे आणि यंत्राचे स्वतःचे दोष वजा करून घ्यावे लागतात, आणि त्यानंतर केबल जरा वाकली, तरी आलेख हलतो. तो आलेख अँटेनामुळे हलला की केबलमुळे, हे ओळखण्याची नजर ज्याला आली त्याला या धंद्यात किंमत आहे, आणि ती नजर जाणत्या माणसाच्या शेजारी बसून, चुका करीत, आठवडेच्या आठवडे घालविल्यावाचून येत नाही. आपल्याकडे गवयाच्या घरी राहून गाणे शिकण्याची जी रीत होती, तिच्यामागचे कारण याहून निराळे नव्हते.

अशी जाणती माणसे आणि अशी उपकरणे आपल्या राज्यात आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. खोडदच्या दुर्बिणीकडे आणि ती चालविणाऱ्या पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे अभियांत्रिकीचे विद्यार्थी प्रशिक्षणासाठी जातात. तेथे येणारे आकाशातील संकेत इतके क्षीण असतात, की विजेच्या तारांवर उडणाऱ्या ठिणग्यादेखील निरीक्षणात व्यत्यय आणतात, आणि असा उपद्रव कोठून येतो याचा माग काढणे हेच तरुण अभियंत्याला उत्तम धडे देणारे काम असते. मुंबईत पवईस 'समीर' ही १९८४ साली स्वतंत्रपणे स्थापन झालेली, सूक्ष्मतरंगांच्या उपयोजित संशोधनाची संस्था आहे. आणि विद्यार्थ्यांच्या हाती काम दिले तर ते काय करू शकतात याचा दाखला हवा असेल, तर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनविलेला, वजनाने एक किलोग्रॅमही न भरणारा 'स्वयम्' हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ या उड्डाणातून आकाशात गेला, आणि हौशी रेडिओच्या पट्ट्यात बिनतारी संदेश पोहोचविणे हेच त्याचे कार्य होते.

परंतु औशाच्या किंवा जतच्या मुलाने पवईला दोन महिने राहावयाचे कसे? जागा मिळणे ही अर्धी गोष्ट झाली. खोलीचे भाडे, अनामत रक्कम, खानावळ, लोकलचा पास, आणि त्याच दोन महिन्यांत गावी राहून शेतावर किंवा दुकानात त्याने जे चार पैसे मिळविले असते त्यांचा तोटा, एवढ्या सर्वांची बेरीज घरच्यांपुढे मांडली, की बाप काही बोलत नाही आणि मुलगा आपण होऊनच सांगतो की यंदा जाण्याचा विचार नाही. मुलीच्या बाबतीत सुरक्षित निवासाचा प्रश्न याहून कठीण. परिणामी उन्हाळी प्रशिक्षणाचा लाभ प्रायः त्याच मुलांना होतो, ज्यांचे घर मुळातच पुण्या-मुंबईत आहे किंवा ज्यांच्या घरी दोन महिन्यांचा खर्च ही चिंतेची बाब नाही. फी माफ करून ज्यांना आपण आत घेतले, त्यांनाच नेमक्या महत्त्वाच्या दालनाबाहेर आपण उभे ठेवतो, आणि चौथ्या वर्षी मुलाखतीला बसल्यावर त्यांना विचारले जाते की तुम्ही प्रत्यक्ष काय मोजले आहे.

तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात प्रशिक्षण अनिवार्य केले, हे तत्त्वतः योग्यच झाले. परंतु निर्वाहाची तरतूद न करता केलेल्या सक्तीने जे व्हावयाचे तेही झाले. विद्यार्थ्याकडूनच पैसे घेऊन प्रशिक्षणाचा दाखला देणारी दुकाने निघाली. जो विद्यावेतनाचा अधिकारी, त्यानेच रक्कम भरावयाची, आणि महिनाअखेर एक छापील कागद घेऊन परतावयाचे, हा प्रकार मला अत्यंत क्लेशदायक वाटतो, कारण त्यात मुलाचे पैसे जातात त्याहूनही अधिक त्याचा एक उन्हाळा जातो, आणि पदवीच्या अभ्यासक्रमात असे उन्हाळे तीनच असतात.

यावरचा उपाय नव्याने शोधून काढण्याची गरज नाही. ब्रिटनमध्ये २०१० साली सुरू झालेल्या 'यूके इलेक्ट्रॉनिक्स स्किल्स फाउंडेशन' या संस्थेच्या योजनेत विद्यार्थ्याची एखाद्या कंपनीशी पदवीच्या काळातच गाठ घालून दिली जाते. कंपनी त्याला वार्षिक विद्यावेतन देते, उन्हाळ्यात सवेतन कामावर घेते आणि तिचा एक अभियंता त्याचा मार्गदर्शक होतो. शिष्यवृत्ती आणि प्रत्यक्ष काम ही तेथे दोन निरनिराळ्या खिडक्यांवर मागण्याची गोष्ट नाही. आपल्या देशात १९६१ चा शिकाऊ उमेदवारी अधिनियम आहे, १९७३ पासून पदवीधर अभियंतेही त्याच्या कक्षेत आहेत, आणि त्यांच्या किमान विद्यावेतनाचा अर्धा वाटा केंद्र सरकार उचलत आले आहे. हीच अर्ध्या वाट्याची रीत, पदवी हाती येण्याची वाट न पाहता, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्याला लावावी, अशी माझी सूचना आहे: अर्धे कंपनीने वा संशोधनसंस्थेने द्यावे, अर्धे राज्याने, आणि सुट्टीत रिकामी पडणारी पुण्या-मुंबईच्या शासकीय महाविद्यालयांची वसतिगृहे या मुलामुलींना नाममात्र भाड्याने उघडून द्यावीत. ज्या राज्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' हा मंत्र दिला, त्या राज्याला ही कल्पना परकी वाटू नये.

कारखानदारांकडून एक आक्षेप येतो, तो विचारात घेण्याजोगा आहे. दोन महिन्यांत मुलगा शिकतो तेवढ्यात त्याची मुदत संपते, आणि दरम्यान आमच्या ज्येष्ठ अभियंत्याचा वेळ जातो, असे ते म्हणतात. एका उन्हाळ्यापुरते ते खरेही आहे. परंतु तोच विद्यार्थी पुढच्या उन्हाळ्यात त्याच टेबलाशी परत आला, तर कॅलिब्रेशन त्याला शिकवावे लागत नाही. पहिल्या वर्षाची गुंतवणूक दुसऱ्या वर्षी फळते, आणि पदवीनंतर तो तेथेच रुजू झाला तर नवशिक्याला तयार करण्यातील पुष्कळ काळ वाचतो. म्हणून मंजुरी एका सुट्टीची न देता दोन सलग सुट्ट्यांची द्यावी, असा माझा आग्रह आहे.

बाकी राहिली ती तारखांची व्यवस्था, आणि ती क्षुल्लक नाही. अर्जाची जाहिरात दिवाळीपूर्वी निघावी, आणि ती केवळ संकेतस्थळावर न ठेवता जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत मराठीतून यावी. निवड जानेवारीअखेर कळावी, म्हणजे घरच्यांशी बोलण्यास आणि गाडीचे आरक्षण करण्यास अवधी राहतो. आणि विद्यावेतनाचा पहिला हप्ता मुलगा किंवा मुलगी वसतिगृहात आपली वळकटी टाकेल त्या दिवशी खात्यावर जमा झालेला असावा, काम संपल्यावर दाखले जोडून, सहा महिन्यांनी नव्हे, कारण खानावळवाला पहिल्या तारखेलाच पैसे मागतो.