वाटेवरची झाडे धूर कशी सोसतात?



हमरस्त्याच्या दुभाजकात लावलेली कण्हेर आपण पाहिली असेलच. रात्रंदिवस ट्रकांचा धूर अंगावर घेऊनही ती फुलते. मग त्याच रस्त्यालगतच्या आपल्या मेथीला काय धाड भरली, असे पुष्कळ जण विचारतात.

झाड पानाने श्वास घेते. पानावर डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. धुळीने ती बुजतात, वरच्या थरामुळे ऊन कमी मिळते आणि झाडाचे अन्न कमी तयार होते. धुरातले विषारी वायू आत शिरून हरितद्रव्याला इजा करतात. कण्हेरीचे पान जाड, चामड्यासारखे असते आणि तिची छिद्रे पानाखालच्या लवदार खड्ड्यांत दडलेली असतात. वडाचे पानही जाड व चिवट. कडुनिंब आणि पिंपळ जुनी पाने टाकून दर वर्षी नवी पालवी घेतात. मेथी-पालकाच्या मऊ, पातळ पानाला असा आधार नाही.

सिंह आणि राव या भारतीय शास्त्रज्ञांनी १९८३ साली झाडाची ही सोसण्याची ताकद मोजण्याची रीत मांडली. पानातले ‘क’ जीवनसत्त्व, हरितद्रव्य, रसाची आम्लता आणि पाण्याचे प्रमाण, या चार गोष्टी त्यात धरतात. पाण्याला ताणलेले झाड धूरही कमी सोसते, हे यावरून ध्यानात घ्यावे.

मात्र झाड तगले म्हणून त्याचे पान स्वच्छ, असे समजू नका. धूळ अडवणाऱ्या पानावर ती साठतेच. म्हणून रस्त्याकडेला शेत असणाऱ्यांनी एवढे करावे :

१) आपल्या हद्दीत, बांधाच्या आत, पावसाच्या सुरुवातीला करंज व कडुनिंबाची ओळ लावा. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी द्या. सावली पडेल तेवढी जागा पिकाला सोडा.

२) पालेभाजी रस्त्यापासून आत न्या. पेट्रोलमधले शिसे आपल्या देशात २००० साली बंद झाले, पण जमिनीत मुरलेले शिसे सहज जात नाही. जुन्या रस्त्यालगतच्या पट्ट्यात ते अजून असू शकते. भाजी दोन-तीन पाण्यांनी धुऊनच चुलीवर चढवा.

३) धुळीने माखलेल्या पिकावर लाल कोळी लवकर वाढतो. कडेच्या ओळींची पाने उलटून पाहा. सकाळी पाण्याचा फवारा मारून धूळ धुऊन काढा.

४) रस्त्याकडेचा पाला शेळ्यांना तोडून घालू नका. कण्हेर तर जनावरांना विषारी आहे. तिची छाटलेली फांदीही गोठ्याजवळ येऊ देऊ नका. मुलांनाही हे सांगून ठेवा.

रस्ता रुंद झाला की जुना वड-चिंच जाते आणि धूळ थेट पिकावर येते. तिला अडवायला नवी ओळ उभी राहण्यास काही वर्षे लागतात. तेव्हा रोपांची सोय या पावसाआधीच करा.