फी घ्या, पण डॉक्टर द्या

कत्तलीआधी जनावराची पशुवैद्यकीय तपासणी व्हायलाच हवी, यात वाद नाही. आजारी जनावराचे मांस खाणाऱ्याचा धर्म पाहत नाही. वाद आहे तपासणीच्या शुल्काचा, आणि तो आपल्याला बकरी ईद जवळ आली की आठवतो. निवेदने दिली जातात, फोटो छापून येतात, ईद होते, विषय संपतो.

माझे म्हणणे असे की 'किती'च्या आधी 'कशाचे' हे विचारा. शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली कर आणि शुल्क यांतला फरक सांगितला: शुल्क सेवेच्या बदल्यात घेतात. पै-पैचा हिशेब जुळलाच पाहिजे ही अट पुढच्या निकालांनी सैल केली; सेवेशी असलेले नाते मात्र तोडले नाही.

सेवा कोणती, तेही लिहिलेले आहे. केंद्राच्या २००१ च्या कत्तलखाना नियमांनुसार एका पशुवैद्यकाने तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरे तपासायची नाहीत. म्हणजे जनावरामागे पाच मिनिटे आणि दिवसाला हजार जनावरांमागे अकरा डॉक्टर. मी सॉफ्टवेअरवाला असलो तरी या हिशेबाला कॉम्प्युटर लागत नाही.

खोपट, राबोडीपासून कल्याणपर्यंतचा छोटा मटणवाला, कुरेशी असो की हिंदू खाटीक, दिवसाला मोजकेच बकरे कापतो. निर्यातीचा कारखाना शुल्क भावात जिरवतो. याला ते जमत नाही. परवडेनासे झाले की कापणे दुकानामागे सरकते आणि तपासणी होतच नाही. शुल्क असे लावले तर तपासणीचा हेतूच बुडतो.

अमेरिकेत १९०६ चा कायदा झाला तेव्हाच तपासणीचा खर्च सरकारी तिजोरीवर टाकला गेला. आजही तिथे नेहमीच्या वेळेतल्या तपासणीचे पैसे कारखान्याला पडत नाहीत. जादा वेळेचे पडतात. २०२१ मध्ये अगदी छोट्या कारखान्यांसाठी तेही ७५ टक्क्यांनी कमी केले. छोट्याला सवलत देणे म्हणजे कुणा समाजाचे लाड नव्हेत.

तेव्हा यंदा निवेदनाबरोबर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्जही करा. ठाणे किंवा कल्याण-डोंबिवली महापालिकेला तीन गोष्टी विचारा: वर्षभरात तपासणीचे शुल्क किती जमले, पशुवैद्यक किती आहेत, रोज जनावरे किती तपासली जातात. उत्तर आले की रोजच्या जनावरांना ९६ ने भागा. भागाकार डॉक्टरांच्या संख्येपेक्षा मोठा निघाला, तर फी कशाची घेता, हे विचारायचा हक्क प्रत्येक मटण खाणाऱ्याला आहे.